बारा दिसांचा पैरा

मला काय बी झालं न्हवतं. ना शिंक, ना ठसका, ना अंगात कणकण. तपासणीच्या आदल्या दिशी दिस उगवायच्या आत उठून दोन म्हशींच्या धारा काढल्या, भाकऱ्या थापल्या, आन सुनंला संगं घिऊन बनुबाईच्या रानात दिसभर आल्याची लागण केली. वाकून वाकून कंबर धरली हुती, तेवढंच. आता पंचावन्न वर्साच्या बाईची कंबर धरली म्हंजी तिला करोना झाला, असं कुठल्या पुस्तकात लिवलंय? पर माझ्यावर शिक्का बसला. त्यो कसा बसला, कुणी मारला, आन त्यापायी कुणाचं काय गेलं, ते सगळं सांगती. मधी बोलू नका.

आमची वाडी औंधाच्या अलीकडं, माळाच्या उताराला. घरात आमचं मालक, नानासो. त्येंच्या मणक्याचं आपरेशन झाल्यालं, खोऱ्याला हात लावायचा न्हाई असं डाक्टरनं बजावल्यालं. लेक ऋषिराज मिल्ट्रीत, तिकडं पंजाबात. सून शिवांजली, कामाला वाघीण. बागायत रान म्हंजी ईस गुंठं. त्यात दर साल आल्याची लागण, आन त्याच्यावरच आमचं वरीस निघतं.

आल्याचं काम एकट्या घराचं न्हाई. बेणं मोडायचं, डोळं बघून तुकडं करायचं, औषधात बुडवायचं, गादीवाफ्यावर हातभर रेषा वढून वितीवितीवर मातीत दाबत जायाचं. ईस गुंठ्याला सोळा हात लागत्यात आन ते बी एका दिसात. मोडल्यालं बेणं थांबत न्हाई, वैशाखात तर न्हाईच. म्हणून आमच्यात पैरा असतोय. आठ घरं मिळून आमचा पैरा हुता. आज समदी तुझ्या रानात, उद्या समदी माझ्या रानात. पैसा न्हाई, पाणी न्हाई, भाकरी बी ज्येची त्येनं आणायची. दिलेला दिस परत करायचा, एवढंच. न्हवरा मरूं दे न्हाईतर घर जळूं दे, पैऱ्याचा दिस कुणी बुडवत न्हाई. माझी सासू बाळंतपणाच्या बाराव्या दिशी पैरा फेडायला गेलती.

त्या सालात सहा घरांची लागण झालती. मी आन शिवांजली, दोघी सहा रानात गेलो. बारा दिस दिलं आमी. सातवा नंबर आमचा, आकितीच्या म्हंजी अक्षय तृतीयेच्या दिशी. आठवा दादासोचा.

दादासो म्हंजी आमच्या भावकीतलाच. वाडीची करोना समिती केलती तवा त्यो अध्यक्ष झाला. गळ्यात शिट्टी, हातात काठी, तोंडाला दोन-दोन मास्क. त्येनंच नियम काढला की आकितीच्या आदी समद्या गावानं तपासणी करायची, ज्येच्याकडं निगेटिव्हची चिठ्ठी न्हाई त्येला पैऱ्यात घ्यायचं न्हाई. आता खरं सांगती, मला ते वावगं वाटलं न्हाई. आठ घरातली माणसं एका रानात बसत्यात, एका घागरीतनं पाणी पित्यात. तपासल्यालं बरंच की. मी तर शिवांजलीला म्हणलं, आपुन लवकर जाऊ, घरी बेणं मोडायचं पडलंय. आन गेलो. रांगेत मी पयली. माझी हौस.

मारुतीच्या देवळाम्होरं मंडप घातला हुता. तालुक्यावरनं एक सिस्टर आन एक पोरगी आलती, शिफा तिचं नाव, मिरजंची. अंगभर ते पांढरं पिशवीगत कापड घालून उन्हात उभी, घाम नाकावरनं खाली टिपकत हुता. तिनं माझ्या नाकात काडी घातली, फिरवली, औषधात बुडवली, आन एका पांढऱ्या कार्डावर चार थेंब टाकलं. कार्डावर पेनानं एक लिवलं. म्हणली, मावशी, पंधरा मिण्टात कळंल, सावलीला बसा.

पंधरा मिण्टात काय कळतंय. धा-बारा माणसांची कार्डं झाली आन तालुक्याचं पुढारी आलं. गाडी, बॅनर, चार कार्यकर्तं. दादासोची तारांबळ. पयलं फोटो. शिफा म्हणली, सर, कार्डं वाचायची वेळ झालीया. तर दादासो म्हणला कार्डं काय पळून चाललीत का, आन दोघींना बॅनरम्होरं उभं केलं. मग भाषण. मग पुढाऱ्यानं स्वताच्या हातानं एका म्हाताऱ्याला सॅनिटायझर दिलं त्येचा फोटो. मग च्या. माझं कार्ड टेबलावर, टेबल मंडपाच्या कडंला, मंडपाची सावली सरकून कवाच पल्याड गेल्याली. मी बघत हुते. मला काय ठाव, त्या कार्डाला बी वेळ असती म्हणून.

पाऊण तासानं शिफा परत आली. समद्यांच्या कार्डावर एक एक रेघ. माझ्या कार्डावर एक ठळक, आन तिच्या खाली अशी पुसट, धुतल्याल्या लुगड्यावर हळदीचा डाग ऱ्हातो तशी. शिफानं कार्ड वर धरलं, खाली धरलं. सिस्टरला म्हणली, हे परत करू या. सिस्टर म्हणल्या किट मोजून दिल्यात, अजून दीडशे माणूस रांगेत हाय. दादासो मागंच उभा हुता. त्येनं रेघ बघितली आन तसाच देवळात जाऊन भोंगा चालू केला.

म्हणला, "नानासोच्या घरातल्या सुलाबाई पॉझिटिव्ह निघाल्यात. त्येंच्या घराकडं कुणी फिरकू नये."

भोंग्यावर. लगीन लागताना सुदीक माझं नाव भोंग्यावर घेतलं न्हवतं कुणी. रांगेतल्या बाया अशा मागं सरल्या जशी काय माझ्या पदरातनं नागीण निघाली. बनुबाई तेवढी जागची हलली न्हाई. बनुबाई माझी जोडीदारीण, माझ्या आदल्या वर्सी लगीन होऊन ह्या गावात आल्याली. ती म्हणली, आगं हिला काय धाड भरलीया, काल माझ्या रानात दोन बायांचं काम केलं हिनं. तर दादासोनं तिच्यावर शिट्टी फुकली.

आन आता ऐका. त्या दादासोला तीन दिस खोकला हुता. समद्या गावाला म्हाईत. मास्कच्या आत खोकायचा आन म्हणायचा धुळीनं घसा धरलाय. त्येचं कार्ड झालं, एक रेघ, निगेटिव्ह. शिफा त्येला म्हणली, साहेब, तुम्हाला खोकला आहे, तर या कार्डावर जाऊ नका, घशातला नमुना साताऱ्याला पाठवू. त्यो हसला. निगेटिव्ह म्हंजी निगेटिव्ह, म्हणला, आन चिठ्ठी खिशात घातली. म्हंजी बघा, माझं कार्ड खरं आन त्येचं बी कार्ड खरं. मला बरं असून मी आजारी, त्यो खोकत असून त्यो चांगला. कार्डानं सांगायचं आन आपुन डोळं मिटून घ्यायचं.

घरी जाऊन पातळं बांधायला दहा मिण्टं दिली. दारात बांबू आडवा बांधत हुती पोरं. ज्येंची नाकं मी पुसलीत ती पोरं. डेरीवाल्यानं सांगून धाडलं, चौदा दिस तुमचं दूध नको. म्हशींना काय कळतंय, त्या वरडत हुत्या. मालक ओट्यावर बसून नुसतं बघत हुतं. त्येंचं बी, शिवांजलीचं बी कार्ड निगेटिव्ह, पर त्येंना बी घरातनं भाईर पडायचं न्हाई. पडवीत गोणपाटाखाली बेण्याचा ढीग. निम्मं मोडल्यालं, निम्मं औषधात बुडवून सुकाय घातल्यालं. मी शिवांजलीला म्हणलं, पाणी शिपड, वलं ठेव, आकितीला पैरा येईल तवा तुमी दोघं दारातनंच सांगा, रानात जाऊ नका. मी खुळी. मला वाटलं पैरा येईल.

मला नेऊन ठेवली ती शाळंत, गावाच्या वरल्या अंगाला, माळावर. दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत अर्जुना धनगर. अर्जुनाला खराच हुता. तापानं फणफणल्याला, खोकून खोकून डोळं लाल. त्येचा संडास आन माझा संडास एक. नळ एक. आता सांगा, मला न्हवता, तर मला तिथं नेऊन त्येच्या शेजारी कोंडलं, का तर गावाला व्हऊ नये म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पर त्या म्हाताऱ्यावर राग तरी कसा काढायचा. मी खोली सोडली, लिंबाखाली वाकळ टाकली, आन तिथनंच त्येला काठीनं पाण्याचा तांब्या सरकवायची. जेवण समितीची पोरं फाटकावर ठेवून पळायची. कुत्रं येऊन हुंगायचं, मग मी आणायची.

आकितीचा दिस उजाडला. लिंबाखालनं समदं शिवार दिसतंय. खाली वड्याच्या कडंला माझं ईस गुंठं, पलीकडं दादासोचं पंचवीस गुंठं. मी पदर कमरंला खोचून फाटकाशी उभी ऱ्हायले. सात वाजता बाया निघाल्या. डोक्यावर भाकरीची गठुडी, हातात खुरपी. बनुबाई म्होरं, तिची चाल मी कोसावरनं वळकीन. माझ्या बांधापतूर आल्या. थांबल्या. तिथं दादासो उभा. हात करून काय तरी बोलला. बनुबाई काय तरी बोलली. मग समद्या वळल्या आन दादासोच्या रानात शिरल्या.

मी ते बघितलं हो. माझ्या दिशी, माझा पैरा, दुसऱ्याच्या रानात वाकला. आन मी फाटकाच्या आत. म्या हाका मारल्या, पर वारं उलटं हुतं. दिसभर ते पंचवीस गुंठं कसं भरत आलं ते मी बघितलं. आन दिसभर दादासो त्येंच्या मधनं फिरत हुता. मास्क हनवटीला. मधीच वाकायचा, खोकायचा, घागरीतनं तांब्या बुडवून प्यायचा आन पुढच्या बाईला द्यायचा. समद्यांकडं चिठ्ठ्या हुत्या की. चिठ्ठीवाल्यानं चिठ्ठीवाल्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिशी शिफा आली. तिला कुणी धाडलं न्हवतं, अर्जुनाच्या नमुन्यासाठी आलती ती. फाटकाच्या आत येऊन माझ्याम्होरं उकिडवी बसली. ईस-बावीस वर्साची असंल, डोळ्याभवती चष्म्याचं वळ.

म्हणली, "मावशी, तुमचं कार्ड मी उशिरा वाचलं. अर्ध्या तासानंतर आलेली रेघ धरायची नसते. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

मला आदी तिच्या मुस्काटात द्यावी वाटली. खरं सांगती. पर ती बोलत ऱ्हायली. म्हणली, हे कार्ड आजारी माणसासाठी बरं, त्याच्या नाकात विषाणू भरपूर असतो तवा ते पकडतं. ज्येला काय होत न्हाई अशा माणसात त्येचं चुकतं. ज्येच्यात थोडा असतो त्येला निम्म्या येळंला सोडून देतं. आन वाडीत आजारी थोडी, धडधाकट दोनशे, अशी माणसं रांगंत उभी केली की एखाद-दुसरं उगंच दाखवतंच. म्हणून कार्डावर शिक्का मारायचा नसतो, मोठ्या तपासणीनं खात्री करायची असती. हे समदं कागदात लिवलंय, म्हणली. मी म्हणलं, आगं मग भोंग्यात का न्हाई सांगितलंस? मग तिनं माझ्या घशातला, नाकातला नमुना घेतला आन बर्फाच्या डब्यात घालून स्वता साताऱ्याला नेला.

चौथ्या दिशी तिचा फोन आला. निगेटिव्ह. कागद बी धाडला, फोनवर. मी फाटकात उभं राहून दादासोला हाक मारली. त्यो आला, धा हात लांब थांबला. आता त्येचा आवाज घोगरा झालता, डोळं खोल गेल्यालं. मी फोन वर धरून दाखवला. म्हणलं, मला सोडा, माझं बेणं चाललंय.

त्यो म्हणला, "वैनी, एकदा पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह. आता निगेटिव्ह आलं म्हंजी तुमी बऱ्या व्हायला लागलाय. गावासाठी जरा सोसा."

चार दिसात बरी झाले मी. ना गोळी, ना काढा. मी त्येला म्हणलं, दादासो, तुमी साताऱ्याला जाऊन तपासा, तुमचं लक्षण बरं न्हाई. त्यो म्हणला, माझ्याकडं चिठ्ठी हाय. आन गेला. त्याच रात्री त्येच्या पोरानं त्येला गुपचूप शहरात नेलं. छातीचा फोटो काढला, म्हणं स्कोर बारा. आठ दिस दवाखान्यात ठेवला आन वाडीत सांगितलं की पाव्हण्याकडं गेल्यात. वाडीला ते नंतर कळलं. रानात त्येच्या शेजारी बसलेल्या बायांना तवा कुणी सांगितलं असतं तर?

मला दहाव्या दिशी सोडलं. घरी आले. पडवीचं गोणपाट उचललं आन नाकात वास शिरला. वरचं बेणं बरं हुतं, आत बोट घातलं तर पिठासारखं मऊ, पाणी सुटल्यालं. शिवांजली म्हणली, आत्या, रोज उलटं-पालटं केलं, तरी धरलं न्हाई. रडाय लागली. मी तिला म्हणलं, रडू नगंस, निवड. दोघींनी बसून निवडलं. बारा गुंठं व्हतील एवढं ऱ्हायलं, बाकी उकिरड्यावर. मालक नको म्हणलं तरी पाट्या उचलाय लागलं. घरच्या तिघांनी पुढच्या दिसांत कसंबसं आठ गुंठं लावलं, चार गुंठ्याचं बेणं पडवीतच ऱ्हायलं. मी पैऱ्यातल्या घरांना निरोप धाडला. एक बी आलं न्हाई. कुणी म्हणलं, पोरांना भ्या वाटतं. कुणी म्हणलं, आमच्यातच आता ताप हाय. कुणी दारच उघडलं न्हाई. बारा दिस घाम गाळला मी त्येंच्यात.

आन ताप बनुबाईला बी हुता. तिसरा दिस. मी बांधावरनंच थेट तिच्याकडं गेले. तिच्या लेकानं गावातल्या डाक्टरकडं नेऊन कार्ड केलं हुतं. निगेटिव्ह. मग डाक्टर म्हणला टायफाईड, आन घरीच सलाईन लावली. मी दारात उभी राहून सांगितलं, आरं, त्या कार्डाचं खरं धरू नकोस, घशाचा नमुना धाड साताऱ्याला, न्हाईतर उचल आन मोठ्या दवाखान्यात ने. ती दादासोच्या रानात आठ तास हुती रं. तर त्यो म्हणला, आईचं निगेटिव्ह हाय, पॉझिटिव्ह तुमी हाय, तुमी लांब ऱ्हावा. आतनं बनुबाईनं वळखलं मला, सुले का गं, असं म्हणली. तेवढंच ऐकलं. तिच्या सुनंनं, साक्षीनं, दार लोटून घेतलं.

अजून दोन दिसांनी बनुबाईला धाप लागली. मग जीप आणली. रहिमतपूरच्या अलीकडं जीपमधीच गेली. कार्ड निगेटिव्ह, म्हणून दाखल्यावर लिवलं हार्ट. गावच्या रीतीनं अंगणात ठेवली, आंगूळ घातली, समदं गाव लोटलं. मला कुणी येऊ दिलं न्हाई. मी पाणंदीत उभी राहून बघितली, लांबनं. आन पाणंदीत माझ्या कानावर आलं, दोन बाया बोलत हुत्या. हिच्याच संगं लागण केली बिचारीनं आदल्या दिशी, हिनंच दिलं. मला. मी दिलं म्हणं. माझं दात करकरलं, पर बनुबाईचा जीव गेलाय त्या अंगणात तमाशा नको म्हणून मी गप घरी आले. ते माझं चुकलं. तवाच बोलाय हवं हुतं.

मग बनुबाईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिशी शाळंत कार्यक्रम ठेवला. वाडी करोनामुक्त. मृत्यू शून्य. दादासो आता बरा हुऊन आल्याला, धोतराची इस्त्री मोडली न्हवती. करोनावर मात करणाऱ्यांचा सत्कार म्हणून माझं बी नाव घातलं. मी जाणार न्हवते. पर मग मनाशी म्हणलं, जाती.

तेच मैदान, त्योच लिंब. पुढारी बी तेच. शिफा कडंला उभी हुती, तिला बी बोलवल्यालं. अर्जुनाला आदी बोलावलं, त्येनं फूल घेतलं, हसला. त्येचं खरं हुतं. मग दादासोनं माइकवर माझं नाव घेतलं. पुन्यांदा. टाळ्या बी वाजल्या. मी वर गेले. पुढाऱ्यानं कागद आन गुलाबाचं फूल म्होरं केलं, फोटोवाला म्हणला मावशी हिकडं बघा. मी हात म्होरं केला न्हाई. दादासोच्या हातातला माइक घेतला.

"मला झालाच न्हवता. ह्या पोरीला इचारा. ज्येला झाला ती बनुबाई, तिचं नाव कुठल्याच कागदात न्हाई. शून्य म्हणताय, कुणाला शून्य म्हणताय?"

शिफाकडं समद्यांनी बघितलं. पुढाऱ्याच्या गाडीचा डायवर सुदीक बघाय लागला. नोकरी कंत्राटी तिची, मला ठाव हुतं. ती एक पाऊल म्होरं आली आन म्हणली, मावशी खरं बोलतात, त्यांचा अहवाल निगेटिव्ह होता, चूक माझी होती. दादासो म्हणला ते नंतर बघू, आन माइकला हात घातला. मी सोडला न्हाई.

म्हणलं, "मला फूल नको, कागद नको. ह्या मंडपात सहा घरं बसल्यात. माझा बारा दिसांचा पैरा हाय त्येंच्याकडं. त्यो द्या. माझं चार गुंठ्याचं बेणं अजून पडवीत हाय."

तवर कुणी तरी मागनं वायर वढली. आवाज गेला. समदी खाली बघत हुती, चपलांकडं. म्या कागद टेबलावर ठेवला, खाली उतरले, मालकांना म्हणलं चला. माझ्या मागनं दादासोनं वायर जोडून पुढचं नाव घेतलं.

सकाळी मी आन शिवांजली रानात गेलो. रात्री भुरभूर झाल्याली, वापसा आल्याला, माती हाताला सुटत हुती. आता लागण करून बी उशीर झालता, कोंब दमानं निघणार, मला कळतंय की. पर बेणं टाकून कसं द्यायचं. मी रेषा वढत हुते, शिवांजली दाबत येत हुती. पाटीवर पडल्याल्या सावलीवरनं माझ्या लक्षात आलं कुणी तरी बांधावर हाय. वर बघितलं तर साक्षी, बनुबाईची सून. कपाळ तसंच मोकळं, केस नुसतं गुंडाळल्यालं, हातात खुरपं आन भाकरीची गठुडी. मी म्हणलं, तू कशाला आलीस, घरात अजून तेराव्याची भांडी निघाली नसतील, जा माघारी.

ती म्हणली, "आत्यांच्या नावचा दिस ऱ्हायला हुता. मरताना बी तेच म्हणत हुत्या, सुलीचा पैरा द्यायचाय." मग गठुडी बांधावर ठेवून म्हणली, "त्या दिशी दार मी लावलं."

मी जरा सरकून तिला जागा केली. ती वाफ्यात उतरली, माझ्या डाव्या अंगाला बसली, जिथं तिची सासू बसायची, आन बेणं दाबाय लागली. डोळा वर, तोंड खाली, दोन बोटं माती. हात तिच्या सासूगत चालत हुता. दुपारपतूर तिघींनी चार गुंठं सपवलं.

एका घरानं पैरा फेडला. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानं. बाकीच्या पाच घरांचा अजून आला न्हाई.